चित्राखालच्या ओळी

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाला, पीण्या नावाची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. १९७०च्या दशकात आकाराला आलेल्या या वसाहतीत लहानमोठे हजारो कारखाने असून लेथ, मिलिंग यंत्रे आणि प्रेस यांचा घरघराट तेथे दिवसभर चालू असतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणे हा तेथील कारागिरांचा नित्याचा व्यवहार. याच वसाहतीत भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे ‘इस्ट्रॅक’ हे केंद्र आहे. अवकाशयानांचा माग ठेवणे आणि त्यांना आज्ञा पाठविणे हे त्याचे काम. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा त्याच्या हालचालींवर येथूनच नजर रोखलेली होती. चंद्राहून निघालेला संदेश पृथ्वीवर यावयास सुमारे सव्वा सेकंद लागतो, आणि त्या सव्वा सेकंदाचा विसर पडून तेथे कोणाचेही चालत नाही.

सव्वा सेकंदाची किंमत कळण्यासाठी चंद्रापर्यंत जावे लागते असे मात्र नाही. या वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. नोकरीच्या ओढीने बेळगावाकडून किंवा सोलापुराकडून येऊन स्थायिक झालेले हे कुटुंब. आजोबांची उमेद प्रेसच्या धडधडाटात गेली आणि त्या आवाजाने त्यांचे कान जवळजवळ निकामी केले. आजी घरात मराठीच बोलते. नातवाचे शिक्षण इंग्रजीत आणि खेळणे-भांडणे कानडीत. मराठी त्याला कळते, पण अर्धीमुर्धी. कपाटात एका विनोदी मराठी चित्रपटाची डीव्हीडी आहे. रविवारी दुपारी ती लावली जाते. आजी खळखळून हसते, आजोबा तिच्या तोंडाकडे पाहतात, नातू चित्राखालची इंग्रजी ओळ वाचतो. आणि ती ओळ उशिरा येते. हसण्याचा क्षण निघून गेल्यावर त्याचे कारण समजावे, याहून मोठी रसहानी विनोदाची दुसरी नाही. पडद्यावरील सून उंबरठा ओलांडून निघून जाते, तेव्हा नातू विचारतो, “अगं आजी, ती तर गेली, मग इथे ‘मी येत आहे’ असं का लिहिलंय?” हा प्रश्न साधा वाटला, तरी त्यात या विषयाचे सारे मर्म आले आहे.

चित्राखाली उमटणाऱ्या या ओळींना उपशीर्षके अथवा सबटायटल म्हणतात. त्यांचे मूळ मूकपटांच्या काळात सापडते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला, त्या काळी पात्रांचे बोलणे आणि कथेचा धागा सांगण्यासाठी दोन दृश्यांच्या मध्ये अक्षरांच्या पाट्या दाखवीत. पाटी बदलली की चित्रपट दुसऱ्या भाषेत गेला, इतके ते सोपे होते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडदा बोलू लागला आणि ही सोय संपली. चित्रपटाला वाचा लाभली, पण त्याचबरोबर भाषेची वेसही त्याच्याभोवती उभी राहिली. ती ओलांडण्यासाठी बोलण्याचा अनुवाद चित्राच्या तळाशी लिहिण्याची रीत रूढ झाली. फिल्मवरील थर रसायनाने खरवडून त्यात अक्षरे उमटविण्याची पद्धत पुष्कळ वर्षे चालली. एकदा कोरलेली अक्षरे पुन्हा पुसता येत नसत. चूक झाली, तर ती त्या प्रतीच्या अंतापर्यंत टिकून राही.

१९९६च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी बाजारात आली आणि या बाबतीत मोठा पालट झाला. ही तबकडी बारा सेंटिमीटर व्यासाची. एका थराच्या तबकडीत ४.७ गिगाबाइट आणि एकाच बाजूला दोन थर असलेल्या तबकडीत सुमारे ८.५ गिगाबाइट माहिती मावते. चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके यांचे निरनिराळे पदर तीत एकमेकांत विणलेले असतात. ध्वनीचे आठ आणि उपशीर्षकांचे बत्तीस पदर ठेवण्याची सोय तिच्या रचनेतच आहे. प्रेक्षकाने कळ दाबावी आणि हवा तो पदर निवडावा. ओळी चित्रात कोरलेल्या नसून चित्रावर अलगद ठेवलेल्या असतात; म्हणूनच त्या बदलता येतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. डीव्हीडीतील उपशीर्षक हे अक्षरांच्या रूपात साठविलेले नसते. ते अक्षरांचे चित्र असते. पारदर्शक काचेवर लिहून ती काच चित्रासमोर धरावी, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक काचेवर चारच रंग वापरता येतात: सामान्यतः एक अक्षराचा, एक कडेचा, एक कड मऊ दिसावी यासाठी आणि एक पारदर्शक. या मर्यादेचा एक लाभही आहे. ओळ चित्ररूप असल्यामुळे ती देवनागरीत आहे, कानडीत आहे की रोमन लिपीत आहे, याची यंत्राला फिकीर नसते. जी आकृती काढली, तीच दिसते. परंतु तोटाही तितकाच स्पष्ट आहे: चित्रातील एक शब्द खोडून दुसरा लिहिता येत नाही. त्यासाठी आधी चित्राचे पुन्हा अक्षरांत रूपांतर करावे लागते.

हे काम हाती घेण्यापूर्वी कायद्याचा विचार करणे अगत्याचे आहे. भारतातील कॉपीराइटचा कायदा १९५७चा असून त्यात २०१२ साली महत्त्वाची दुरुस्ती झाली. खासगी अथवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराला हा कायदा मुभा देतो. अपंग व्यक्तींना एखादी कृती आस्वादता यावी म्हणून तिची सुलभ प्रत तयार करण्यालाही त्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. त्याचबरोबर हक्कभंगाच्या हेतूने संरक्षणाचे तांत्रिक कुलूप फोडणे हा मात्र दंडनीय गुन्हा ठरविला. याचा इत्यर्थ असा की, स्वतः विकत घेतलेल्या तबकडीची राखीव प्रत घरच्या माणसांसाठी करणे ही एक गोष्ट, आणि ती प्रत वाटणे, विकणे किंवा जगासाठी खुली करणे ही सर्वस्वी दुसरी. येथे जे सांगावयाचे आहे, ते पहिल्या गोष्टीपुरतेच आहे.

कामाची पहिली पायरी म्हणजे प्रत काढणे. मूळ तबकडीला हात लावावयाचा नाही, हा पहिला नियम. तिच्यावर ओरखडे पडतात, आणि ती वाचणारे यंत्रही नव्या संगणकांतून दिसेनासे झाले आहे. म्हणून प्रत हवीच. तबकडीतील चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके गुणवत्तेत काडीचीही घट न होऊ देता ‘मॅट्रोस्का’ नावाच्या पेटीत काढून ठेवता येतात. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून या पेटीला नाव पडले, आणि ते सार्थ आहे. कारण तिच्यात कितीही पदर एकत्र सुखाने नांदू शकतात.

दुसरी पायरी ओळी वाचून घेण्याची. ‘सबटायटल एडिट’ हा विनामूल्य मिळणारा कार्यक्रम उपशीर्षकाचे प्रत्येक चित्र पाहून त्यातील अक्षरे ओळखतो आणि ती साध्या मजकुराच्या रूपात उतरवून देतो. प्रत्येक ओळीला क्रमांक, ती केव्हा उमटावी आणि केव्हा मावळावी याच्या वेळा, आणि खाली मजकूर, अशी ही सुटसुटीत मांडणी असते. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिलेली असते. पण यंत्राची नजर मुलाच्या नजरेसारखी फसते. रोमन लिपीत त्याला मोठा ‘आय’ आणि धाकटा ‘एल’ सारखेच दिसतात. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांची गल्लत होते. ‘घर’चे ‘धर’ झाले, तर निवाऱ्याची आज्ञा होते; ‘भात’चे ‘मात’ झाले, तर जेवणाचे युद्ध होते. तेव्हा यंत्राने उतरवलेली प्रत माणसाने एकदा तरी ओळीने वाचलीच पाहिजे. त्याला सुटका नाही.

यानंतर खरी दुरुस्ती सुरू होते, आणि ती दोन प्रकारची आहे: अर्थाची आणि वेळेची.

अर्थाच्या चुका बहुधा भाषेच्या अज्ञानापेक्षा घाईतून होतात. मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कारण जाण्याचा उच्चार अशुभ मानण्याची आपली रीत आहे. अनुवादकाने शब्द पाहिला, प्रसंग पाहिला नाही, आणि निघून जाणाऱ्या सुनेच्या तोंडी ‘मी येत आहे’ असे वाक्य घातले. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. ‘परवा’ या शब्दाचीही अशीच गंमत. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, दोन्हींना मराठीत एकच शब्द. वाक्यातील क्रियापदाकडे लक्ष गेले नाही, तर वरात लग्नाआधीच निघून गेलेली असते. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. एखाद्या कौटुंबिक नाट्याचा सारा पीळ या दोन शब्दांतील अंतरावर उभा असतो, पण इंग्रजीत दोहोंना एकच सर्वनाम. काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान, सगळेच इंग्रजी ओळीत ‘अंकल’ होऊन बसतात. मग कोणाचा मान कोणी राखला नाही, हे प्रेक्षकाला कळावे कसे?

येथे पीण्यातील त्या घराला एक अनपेक्षित मदत मिळते. शेजारच्या कानडी मंडळींसाठी आणखी एक पदर कानडी ओळींचा करावयाचा म्हटले, तर इंग्रजीत अडलेले कित्येक शब्द कानडीत सहज सुटतात. कानडी माणूसही निरोप घेताना ‘होगि बर्तीनि’, म्हणजे ‘जाऊन येतो’, असेच म्हणतो. काकाला तेथे वडिलांपेक्षा धाकटा असल्यास ‘चिक्कप्प’ आणि थोरला असल्यास ‘दोड्डप्प’ असे निराळे शब्द आहेत, आणि मामा त्या दोघांहून वेगळाच राहतो. ‘परवा’च्या बाबतीत तर कानडी मराठीहूनही काटेकोर आहे: गेलेला परवा ‘मोन्ने’ आणि येणारा परवा ‘नाडिद्दु’. कानडी ओळ लिहिताना कोणता परवा, हे ठरविल्यावाचून पुढे जाताच येत नाही. अशा रीतीने शेजाऱ्याच्या भाषेचा आरसा समोर धरला की स्वतःच्या भाषेतील संदिग्ध जागा आपोआप दिसू लागतात, आणि ज्या मुलाला मराठी अर्धीमुर्धी येते असे घरचे म्हणतात, तोच आजीला अर्थ विचारून कानडी ओळ घडवू लागतो.

वेळेच्या चुका समजण्यास लेथवरचा कारागीर सर्वांत योग्य. त्याला मापातील दोन दोष पाठ असतात. व्हर्निअरचे शून्यच सरकलेले असेल, तर प्रत्येक माप सारख्याच अंतराने चुकते. तेवढे वजा केले की काम झाले. पण लेथच्या लीड स्क्रूच्या आट्यांचे अंतरच किंचित चुकलेले असेल, तर चूक साचत जाते: पहिल्या इंचाला नगण्य, दहाव्या इंचाला असह्य. उपशीर्षकांचे दोषही नेमके हेच. सगळ्या ओळी सारख्याच पाच सेकंदांनी उशिरा येत असतील, तर शून्य सरकले आहे. आरंभी थोडा आणि शेवटी फार उशीर होत असेल, तर आट्यांचे अंतर चुकले आहे.

हे अंतर चुकते कसे? चित्रपटगृहात चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चालतो. भारतात दूरदर्शनसाठी स्वीकारलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात. म्हणून पाल तबकडीवर तोच चित्रपट किंचित वेगाने पळविला जातो. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे १ तास ५५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो. ओळींच्या वेळा मूळ गतीवरून लिहिलेल्या असतील आणि चित्र पाल गतीने धावत असेल, तर ओळी सतत मागे पडत जाणार. उदाहरणार्थ, लेखी वेळ २ मिनिटे ५ सेकंद असलेला पहिला संवाद प्रत्यक्षात दुसऱ्या मिनिटाला ऐकू येतो. पाच सेकंदांचा फरक. लेखी वेळ १ तास ५५ मिनिटे असलेला शेवटचा संवाद प्रत्यक्षात १ तास ५० मिनिटे २४ सेकंदांवर येतो. फरक ४ मिनिटे ३६ सेकंदांवर गेला. पण १२० सेकंदांना १२५ने भागावे किंवा ६,६२४ला ६,९००ने भागावे, उत्तर एकच: शून्य दशांश शहाण्णव. प्रत्येक वेळेला या एका संख्येने गुणले की साऱ्या ओळी जागेवर बसतात. त्यासाठी पहिला आणि शेवटचा असे दोन संवाद कानाने ऐकून त्यांच्या खऱ्या वेळा टिपून घेणे पुरेसे असते. मधला हिशेब यंत्र करते.

तिसरा एक दोष आहे, आणि तो या दोहोंपेक्षा फसवा. फरक पाऊण तासापर्यंत शून्य असतो आणि तेथून एकाएकी चार मिनिटांचा होतो. असे झाले की समजावे, ओळी ज्या प्रतीवरून लिहिल्या तिच्यात एक गाणे होते आणि या तबकडीत ते कापले गेले आहे. येथे गुणाकाराचा उपयोग नाही. जेथे सांधा आहे, तेथून पुढच्या ओळी स्वतंत्रपणे सरकवाव्या लागतात.

वेळ जुळली तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार उरतोच. एका वेळी दोनच ओळी असाव्यात, ओळीत चाळीसच्या आसपासच अक्षरे असावीत, आणि ओळ निदान एक सेकंद तरी टिकून सहा-सात सेकंदांपलीकडे रेंगाळू नये, असा साधारण संकेत आहे. विनोदाच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे: कोपरखळीचा शेवटचा शब्द पात्राच्या ओठांआधी ओळीत वाचावयास मिळता कामा नये. आजोबांसाठी मराठी ओळींचा जो पदर करावयाचा, त्यात नुसते संवाद पुरत नाहीत. दाराची कडी वाजली, पडद्यामागे कोणी हुंदका दिला, भांडे पडले, हेही कंसात लिहावे लागते. कारण ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या दृष्टीने पात्र विनाकारणच दचकून मागे वळलेले असते.

शेवटची पायरी दुरुस्त ओळी पुन्हा चित्रपटात बसविण्याची. तिचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग सर्वांत सोपा: ‘एमकेव्हीटूलनिक्स’ या साधनाने जुना पदर काढून नवा पदर पेटीत ठेवावा. यात चित्राला धक्का लागत नाही आणि काम काही मिनिटांत होते. मात्र या पेटीतील ओळी अक्षररूप असतात आणि त्या रेखाटण्याचे काम पाहणाऱ्या यंत्रावर सोपविलेले असते. देवनागरीत ‘कि’मधील वेलांटी साठविताना ‘क’च्या नंतर येते आणि दिसताना आधी. जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्य’सारखी रूपे जुळवून दाखविण्याचे ज्ञान काही जुन्या दूरचित्रवाणी संचांना नसते, मग अक्षरे सुटी पडतात आणि वेलांट्या भलत्याच डोक्यावर जाऊन बसतात. कानडीचीही तीच अवस्था होते. दुसरा मार्ग ओळी चित्रात कायमच्या मुरविण्याचा. त्या सर्वत्र दिसतात, पण पुन्हा वेगळ्या होत नाहीत, आणि सारे चित्र नव्याने दाबून बसवावे लागल्यामुळे त्याची थोडी झीज होते. तिसरा मार्ग नवी डीव्हीडीच घडविण्याचा: ओळींची पुन्हा चित्रे करावयाची, ‘स्पूमक्स’ या साधनाने ती चित्रपटाच्या प्रवाहात विणावयाची आणि ‘डीव्हीडीऑथर’ने तबकडीची अनुक्रमणिका बांधावयाची. हा मार्ग कष्टाचा खरा. परंतु अक्षरांची घडण एकदा घरच्या संगणकावर नीट उतरली की ती पुढे कोणत्याही यंत्रावर मोडत नाही. ज्या घरात जुना संच आणि जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्या घरासाठी हाच मार्ग श्रेयस्कर. दोन थरांच्या तबकडीवरील चित्रपट एका थराच्या कोऱ्या तबकडीत मावत नाही, एवढे मात्र विसरू नये.

काम संपल्यावर तपासणी. कारखान्यात पहिला नग तयार झाला की तो मोजल्यावाचून पुढचे काम चालू करीत नाहीत. येथेही आरंभ, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी संवाद ऐकत ओळी पाहाव्यात, आणि गाण्यांच्या पुढचे संवाद विशेष काळजीने तपासावेत. दुरुस्त केलेल्या ओळींचा साधा मजकूर वेगळा जपून ठेवावा. तो युनिकोड पद्धतीने साठविलेला असावा, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर त्याची चिन्हांची खिचडी होत नाही. तबकडी एक ना एक दिवस जाईल. तो लहानसा मजकूर मात्र उद्याच्या कोणत्याही पेटीत बसेल.

एवढा खटाटोप एका चित्रपटासाठी करावा काय, असे कोणी विचारील. दोन तासांच्या चित्रपटात हजार-दीड हजार ओळी सहज असतात आणि त्या नीट लावण्यात सुटीचे कित्येक दिवस खर्ची पडतात. पण परमुलखात भाषा एखाद्या दिवशी एकाएकी नाहीशी होत नाही. ती आधी विनोदातून जाते, मग नात्यांच्या शब्दांतून, मग निरोपाच्या रीतीतून. आणि घरातील माणसे एकाच खोलीत बसून निरनिराळ्या वेळी हसू लागतात. दुरुस्त केलेली तबकडी पुन्हा एखाद्या रविवारी लावली जाईल. सून उंबरठ्यावर थांबून ‘येते हं’ म्हणेल. नातू इंग्रजी ओळ वाचील, शेजारीण कानडी वाचील, आजोबा मराठी वाचतील, आजी नुसती ऐकेल. ओळी बरोबर बसल्या की नाहीत, हे त्या वेळी कोणाला विचारावे लागणार नाही. पुढचा विनोद आला आणि चौघे एकदम हसले, म्हणजे माप जुळले.